‘ऑन’, ‘ऑटो’ आणि अनुज्ञेचे व्याकरण

संगणकाच्या कार्यप्रणालीत उपकरणांच्या वीजवापराचे नियमन करण्याची जी सोय असते, तिचे तांत्रिक विवेचन विपुल झाले आहे. परंतु ती ज्या शब्दांच्या द्वारे वापरणाऱ्याच्या हाती येते, त्या शब्दांची चिकित्सा क्वचितच होते. लिनक्स प्रणालीतील प्रत्येक उपकरणाच्या ‘पॉवर’ या विभागात असणारी ‘कंट्रोल’ ही नोंद या दृष्टीने विचारार्ह आहे.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या २.६.३२ या आवृत्तीत, संगणक चालू असतानाच निष्क्रिय उपकरणास अल्पशक्ती अवस्थेत नेणारी सर्वसाधारण यंत्रणा आली. ‘कंट्रोल’मध्ये दोनच शब्द लिहिता येतात : ‘ऑन’ व ‘ऑटो’. ‘ऑन’ म्हणजे उपकरण सुरू, असे समजून वाचक साहजिकच ‘ऑफ’ शोधू लागतो. तो तेथे नाहीच. वस्तुतः ‘ऑन’चा अर्थ ‘यास निजू देऊ नये’ असा, आणि ‘ऑटो’चा अर्थ ‘काम नसल्यास निजू द्यावे’ असा आहे. उपकरण या क्षणी जागे आहे की निद्रिस्त, हे ‘रनटाइम स्टेटस’ ही निराळीच नोंद सांगते. तात्पर्य, जो शब्द स्थितिवाचक भासतो तो येथे अनुज्ञावाचक आहे.

यूएसबी उपकरणांसाठी पूर्वी ‘सस्पेंड’ हा तिसरा शब्दही होता. त्यायोगे उपकरण सक्तीने निजवून ठेवता येई. तो पुढे काढून टाकण्यात आला. हा निर्णय योग्यच होता. कारण हातचे काम संपले की नाही हे उपकरणाच्या ड्रायव्हरला ठाऊक असते, बाहेरून आज्ञा करणाऱ्यास नव्हे. मात्र शब्दाचे मूल्य त्याच्या प्रतियोगी शब्दांवरून ठरते, हा सोस्यूरचा सिद्धान्त येथे विसरला गेला. विरोधी शब्द गेला, तरी ‘ऑन’ तसाच राहिला.

या संदिग्धतेत ‘पॉवरटॉप’ या साधनाने भर घातली आहे. ते ‘ऑटो’ असलेल्या उपकरणापुढे ‘गुड’ आणि ‘ऑन’ असलेल्यापुढे ‘बॅड’ असा शेरा देते. उलट, लिनक्सचा गाभा हब वगळता बहुतेक यूएसबी उपकरणे मुळातच ‘ऑन’ ठेवतो. कारण निद्रेतून नीट न उठणारी उपकरणे थोडी नाहीत. निजलेला माउस नुसत्या हालचालीने जागा होईलच असे नाही. कळ दाबावी लागते. ज्यास एक सावधगिरी म्हणतो त्यास दुसरा दोष म्हणतो, आणि केवळ शेरा वाचून निवड करणाऱ्याचा माउस अडतो.

मराठीत परिभाषा घडविणाऱ्यांना यातून बोध घेता येईल. ‘चालू’ व ‘स्वयंचलित’ हे शब्दशः प्रतिशब्द मूळचा दोष जसाच्या तसा आणतील. मराठीत ‘निजव’ आणि ‘निजू दे’ हा भेद बालकासही कळतो. पहिल्यात सक्ती आहे, दुसऱ्यात मुभा. ‘देणे’ या सहायक क्रियापदाने मराठीने जी अर्थच्छटा सहज साधली आहे, तीच या नोंदीचा खरा आशय होय. म्हणून ‘निजू द्यावे’ व ‘निजू देऊ नये’ हे शब्दप्रयोग परिभाषेच्या रूढ कल्पनेस घरगुती वाटले, तरी अर्थाच्या दृष्टीने तेच अधिक शास्त्रीय ठरतात.