आळीपाळीचे शौर्य

भुसावळच्या माणसाला थांबायला शिकवावे लागत नाही. नागपूरची गाडी, इटारसीची गाडी, मुंबईची गाडी. ज्याला सिग्नल त्याने हलायचे, बाकीच्यांनी चहा प्यायचा! व्हिडिओ गेममधली आळीपाळीने लढण्याची जात आमच्यासाठीच जन्मली असावी. राक्षस एक वार करतो आणि अदबीने उभा राहतो. तुम्ही खुशाल केळे सोला.

पण 'टर्न-बेस्ड' एवढी पाटी वाचून पैसे काढू नयेत. आधी आपली आवड तपासावी. नशिबाची गंमत हवी, तर 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) घ्यावा. त्यात वीस बाजूंचा फासा पडतो आणि शकुनीमामा आठवतो. राक्षसालाही मारवत नसेल, तर 'अंडरटेल' (२०१५). त्यात एकालाही न मारता शेवट गाठता येतो. मात्र त्यांचे वार चुकवताना बोटांची तारांबळ उडते. २०२५ चा 'एक्स्पिडिशन ३३' देखणा खरा, पण शत्रूचा वारही नेमक्या क्षणी बटण दाबून परतवायचा. म्हणजे चहा गार!

माझे मत 'फायनल फँटसी टेन'ला (२००१). लढाईत पुढचा नंबर कुणाचा, हे पडद्याच्या कडेला आधीच दिसते, फलाटावरच्या पाटीसारखे. काही खास हल्ल्यांना बोटांची घाई लागते, तेवढी सोसावी. एरवी तुम्ही तासभर विचार करा, शत्रू घड्याळाकडे बघत नाही. सावकाश माणूस म्हणजे मंद माणूस नव्हे, हे घरच्यांनाही न पटलेले सत्य इथे राक्षसांनी मान्य केले आहे!