झॉम्बीपट

झॉम्बीपट : थडग्यातून उठलेल्या, इच्छाशक्तिहीन प्रेतांभोवती गुंफलेला भयपटाचा एक उपप्रकार. त्याचे मूळ हैतीमधील लोकसमजुतींत आढळते. मांत्रिकाने उठवून राबविलेले प्रेत ही तेथील कल्पना गुलामगिरीच्या अनुभवाशी निगडित आहे. मृत्यूनंतरही सुटका नाही, हेच तिच्यातील भय होय. व्हाइट झॉम्बी (१९३२) हा या प्रकारातील पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट मानला जातो.

जॉर्ज रोमेरो (१९४०–२०१७) या अमेरिकन दिग्दर्शकाच्या नाइट ऑफ द लिव्हिंग डेड (१९६८) या कृष्णधवल चित्रपटाने या कल्पनेचे रूप पालटले. त्यातील प्रेतांना कोणी मांत्रिक चालवीत नाही. एकेकटे प्रेत मंदगती व दुबळे असते. भय वाटते ते त्यांच्या संख्येचे आणि न थकणाऱ्या चालीचे. शिवाय ती आप्तांच्याच रूपात येतात : मृत भाऊ बहिणीवर, तर मुलगी आईवर चालून जाते. तथापि घरात अडकलेल्यांचा घात बव्हंशी परस्परकलहामुळे होतो. रात्रभर तग धरणारा कृष्णवर्णीय नायक सकाळी शोधपथकाच्या गोळीस बळी पडतो. प्रेतांहून जिवंत माणसे अधिक भयंकर ठरतात, हे या चित्रपटाचे मर्म होय. डॉन ऑफ द डेडमध्ये (१९७८) प्रेते पूर्वसवयीने बाजारसंकुलात घुटमळतात; तेथे भयास उपहासाची जोड मिळते.

प्रेक्षक स्वतः सुरक्षित असल्यामुळे भय आस्वाद्य होते. मात्र केवळ रक्तपात दाखविणारे अनुकरणपट जुगुप्साच जागवितात. त्यांत बीभत्स आढळतो, भयानक रस नव्हे.