‘बालाघाट’ या नामातील उंची

बीड जिल्ह्यातून पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलेल्या डोंगररांगेस आज बालाघाट म्हणतात. नकाशात हे नाव रांगेवरच छापलेले असल्यामुळे ‘उंच घाट’ असा त्याचा अर्थ सहज केला जातो. संस्कृत ‘बाल’शी नाते लावून ‘लहान घाट’ म्हणण्याचाही मोह पडतो. दोन्ही अर्थ नामाची घडण न पाहता केलेले आहेत.

‘बाला’ हा फारसी शब्द असून ‘वर, वरची बाजू, उंची’ हे त्याचे अर्थ होत. त्याचा प्रतियोगी शब्द ‘पाईन’, म्हणजे खाली. वऱ्हाडात पूर्णेच्या सखल खोऱ्यास पायनघाट व दक्षिणेकडील पठारास बालाघाट म्हणत. कर्नाटकातही ही जोडी आढळते. पूर्णेचे सपाट खोरे हा काही ‘खालचा घाट’ नव्हे. तो घाटाखालचा मुलूख. मग बालाघाट हा घाटावरचा मुलूख ठरतो. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढल्यावर लागणारे पाटोदा-केजकडील पठार हाच मूळ अर्थाने बालाघाट होय. गेवराई-माजलगावची गोदाकाठची जमीन खाली आहे, म्हणून हे पठार ‘वर’. पुढे मुलखाचे नाव त्याच्या कडेस चिकटले आणि सापेक्ष स्थानाचा अर्थ लोपून केवळ उंचीचा उरला.

मराठीत या ‘बाला’चे इतर अवशेषही आहेत. ‘बालेकिल्ला’ म्हणजे गडाचा सर्वांत वरचा भाग. येथे मात्र तो विशेषणच आहे. ‘बालाबाल’मध्ये कोणाच्या डोक्यावरून, म्हणजे त्यास न कळविता, काम उरकण्याचा भाव आला. ‘बुलंद’ हा त्याच कुळातला. पण मराठीत तो बुरुजावरून आवाजाकडे वळला व उंचीपेक्षा जोर अधिक दाखवू लागला.

व्युत्पत्तीचा खरा धडा पुढेच आहे. फारसी ‘बाला’ व ‘बुलंद’ ज्या प्राचीन इराणी धातूपासून आले, त्याच्याच मूळ कुळातला संस्कृत ‘बृहत्’. वेदांत त्याला ‘उंच’ हाही अर्थ आहे. यावरून ‘बाला’ संस्कृतातून फारसीत गेला असे अनुमान काढणे सशास्त्र नाही. ‘बाल’शी दिसणारे ध्वनिसाम्य येथे फसवे आहे, आणि ‘बृहत्’शी असलेले खरे नाते ध्वनीत जवळजवळ दिसतच नाही. ते ओळखायचे तर इराणी शाखेतील ध्वनिपरिवर्तने एकेक करून पाहावी लागतात. मराठवाड्यातील स्थलनामांच्या अभ्यासात नेमका हाच भाग बहुधा वगळला जातो.