ऐतिह्य आणि वंशावळ : राइटकृत ब्राँटेकुलवृत्तान्ताचें परीक्षण

विल्यम राइट यांचा 'दि ब्राँटेज इन आयर्लंड' हा ग्रंथ इ. स. १८९३ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाला. राइट हे आयर्लंडांतील डाउन परगण्याचे राहणारे; दमास्कस येथें ते कांहीं वर्षें धर्मोपदेशक होते आणि हिट्टाइट राष्ट्रावरील त्यांचा ग्रंथ (१८८४) विद्वानांस परिचित आहे. एवढ्या योग्यतेच्या पुरुषानें लिहिलेला कुलवृत्तान्त कसोटीस उतरत नाहीं, ही खेदाची गोष्ट खरी. परंतु बोध घेण्याजोगी आहे. परमुलखांतील वंशावळीशीं आम्हांस काय कर्तव्य, असें कोणी विचारील, तर त्याचें उत्तर शेवटीं दिलें आहे.

प्रथम निर्विवाद भाग सांगतों. ह्यू ब्रंटी हा डाउन परगण्यांत एम्डेल येथें राहणारा, थोडी जमीन खंडानें करणारा शेतकरी. त्यास दहा अपत्यें झालीं. थोरला पॅट्रिक, त्याचा जन्म १७ मार्च १७७७ रोजीं झाला. हा मुलगा गांवांत शाळा चालवूं लागला, टॉमस टाय या धर्माधिकाऱ्याच्या मुलांचा शिक्षक झाला आणि १८०२ सालीं केंब्रिज येथील सेंट जॉन्स कॉलेजांत दाखल झाला. १८०६ सालीं त्यास पदवी मिळाली. पुढें दीक्षा घेऊन तो पाद्री झाला आणि १८२० पासून १८६१ सालीं मरण येईपर्यंत यॉर्कशरमधील हॉवर्थ येथें राहिला. शार्लट, एमिली व ॲन या कादंबरीकार भगिनी त्याच्याच कन्या.

ह्यूच्या वर काय ? राइट सांगतात कीं, ह्यूचा आजा बॉइन नदीकांठचा गुरांचा व्यापारी होता. लिव्हरपूलहून परततांना जहाजावर त्यास एक बेवारशी काळेंसांवळें पोर सांपडलें. तें 'वेल्श' या नांवानें घरांत वाढलें. पुढें त्यानें व्यापार गिळंकृत केला, घरांतील मुलीशीं लग्न केलें आणि पुतण्या ह्यूला दत्तक म्हणून नेऊन त्याचा छळ मांडला. ह्यू पळून गेला. म्हातारपणीं तो ही कथा रंगवून सांगे. ती पॅट्रिकच्या तोंडून एमिलीनें ऐकली आणि तिच्यावरून 'वदरिंग हाइट्स' (१८४७) ही कादंबरी रचली.

कथा सरस आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे. ज्या परंपरेचा मूळ वक्ता निर्दिष्ट नाहीं तिला आपले शास्त्रकार ऐतिह्य म्हणतात. नैयायिक तिला स्वतंत्र प्रमाण मानीत नाहींत. ती शब्दप्रमाणांतच घालतात आणि वक्ता आप्त असेल तरच शब्द प्रमाण होतो. येथें आप्त कोण ? राइट यांचा जन्म १८३७ सालचा. ह्यू त्यापूर्वीं केव्हांच वारला होता. बालपणीं एका शिक्षकाच्या व इतरांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी त्यांनीं कादंबरी जगप्रसिद्ध झाल्यावर बऱ्याच वर्षांनीं छापल्या. मग कथेनें कादंबरी घडविली कीं कादंबरीनें कथा, हें कशावरून ठरवावें ?

याउलट लेखी पुरावा थोडा पण स्पष्ट आहे. १८५५ सालीं पॅट्रिकनें गॅस्केलबाईंस, शार्लटचें चरित्र लिहिण्याच्या कामीं, पत्र धाडलें. त्यांत बाप लहानपणींच पोरका झाला, घराणें प्राचीन असल्याचें बोललें जाई, बापानें थोडी जमीन खंडानें घेऊन कष्टानें मुलें वाढविलीं, एवढेंच आहे. वेल्शचा, छळाचा उल्लेखही नाहीं. ड्रमबॅलिरोनी येथील बाप्तिस्म्याचें दप्तर १७७९ पासून सुरू होतें. म्हणजे थोरल्या मुलाचीच नोंद त्यांत सांपडत नाहीं. धाकट्या भावंडांच्या नोंदी आहेत आणि त्यांत एका मुलाचें नांव वॉल्श आहे. 'वॉल्श' व 'वेल्श' हीं एकाच नांवाचीं रूपें. ज्यानें छळलें त्याचें नांव बाप आपल्या मुलास ठेवील काय? अँगस मॅके यांनीं १८९७ सालींच राइट यांचा खरपूस समाचार घेतला. एडवर्ड चिथम यांनीं १९८६ सालीं या कथेंतून कांहीं कण निवडण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. जूलिएट बार्कर यांनीं १९९४ सालीं कागदावरच भर ठेवला. मला दुसरी रीत अधिक सुरक्षित वाटते.

आडनांवाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. दप्तरांत ब्रंटी, प्रंटी अशीं रूपें येतात. केंब्रिजच्या कारकुनानें प्रथम 'ब्रँटी' लिहिलें. थोड्याच दिवसांत त्याचें 'ब्राँटे' झालें. ग्रीक भाषेंत या शब्दाचा अर्थ मेघगर्जना. आणि नेल्सन यास ब्राँटेचा ड्यूक ही पदवी १७९९ सालीं मिळालेली होती. शेतकऱ्याचा मुलगा विद्येच्या दारांत पाऊल ठेवतांच नांवास झळाळी आली. मुलानें एक अक्षर बदललें. नातींची कीर्ति झाल्यावर लोकांनीं पूर्वजच बदलले. पुत्रपौत्रांच्या थोरवीनें पूर्वज उलट्या दिशेनें वाढूं लागतात, तो हा असा.

राइट यांस न्याय द्यावयाचा तर डाउन परगण्यांतील लोकवार्ता, स्थळें व बोलण्याची धाटणी त्यांनीं मोठ्या ममतेनें जतन केली आहेत. लोकवार्तेचा संग्रह म्हणून ग्रंथ अवश्य वाचावा. वंशावळ म्हणून वापरूं नये.

आतां आमचें कर्तव्य. शिक्षकीच्या काळांत एका शेतकरी घराण्याची वंशावळ माझ्याकडे आली. घरांतील मुलगा नामांकित कीर्तनकार झालेला. मूळपुरुषाच्या वरच्या चार पिढ्यांची शाई निराळी, वळणही निराळें. मला तें दिसलें होतें. तरी भिडेस्तव मीं सलग एका हातानें नक्कल करून दिली. आज मूळ कागद नाहींसा झाला असून माझी नक्कलच अस्सल म्हणून पुढें केली जाते. राइट यांस दोष देतांना हें सांगणें मला प्राप्त आहे.

म्हणून संग्राहकांस विनंती एवढीच : प्रत्येक पिढीसमोर कागद, ऐकीव किंवा तर्क यांपैकीं एक शब्द लिहावा, आणि नक्कल करतांना शाईचा व वळणाचा भेद नोंदवावा. या रीतीनें पाहतां ब्राँटे घराण्याच्या वंशावळीचा खात्रीचा आरंभ खंडकरी ह्यूपासून होतो. त्याच्याखालीं पाद्री पॅट्रिक. त्यावरची जागा कोरी ठेवण्यांत त्या शेतकऱ्यास कांहीं कमीपणा नाहीं. दहा मुलें कष्टानें वाढविलीं, हा पुरावा त्याच्या मुलानेंच आपल्या हातानें लिहून ठेवला आहे.