कानाला पुरावा द्या

जुनी रहस्यनाट्यं पुन्हा ऐकली जाऊ लागली आहेत. बीबीसीचा होम्स, अमेरिकन रेडिओवरचा बेझिल रॅथबोन, जॉन मोफॅटचा पॉयरो, झालंच तर विविध भारतीवरचा ‘इन्स्पेक्टर ईगल’. एकेकाळी ठरलेल्या वाराला, ठरलेल्या वेळीच जे कानी पडायचं, ते आता मोबाइलवर हवं तेव्हा मिळतं. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा या बाजूची आमची मराठी मंडळी ते ऐकतात, एकमेकांना पाठवतात, अधूनमधून कुणाच्या तरी घरी जमून एकत्रही ऐकतात. याचा आनंदच आहे. पण ऐकून झाल्यावर जे बोललं जातं ते मला सहन होत नाही, आणि हा लेख त्यापायी लिहितो आहे.

नाटक संपतं आणि पहिला उद्गार येतो, “काय दिवस होते ते!” मग व्हॉल्व्हचा रेडिओ, त्यावरचा भरतकामाचा रुमाल, वर्षाची परवाना फी, रात्री खरखरत लागणारं मुंबई केंद्र. अर्धा तास या आठवणी चालतात. गुन्हेगार शेवटाआधी कुणाला कळला होता का? कशावरून कळला? पुरावा आपल्या कानावर घातला होता, की लेखकाने तो खिशात ठेवून शेवटी काढला? यातला एकही प्रश्न निघत नाही. गवयाची मैफल ऐकून मंडपाच्या कनातींचं कौतुक करत घरी जावं, तसा हा प्रकार आहे. स्मरणरंजन करणाऱ्याला वाटतं की आपण त्या कलाकृतीवर प्रेम करतो आहोत. प्रत्यक्षात तो स्वतःच्या बालपणावर प्रेम करत असतो आणि कलाकृती मात्र न तपासता तशीच परत ठेवून देतो.

दुसरा वर्ग पुस्तकाच्या हिशेबनिसांचा. मूळ कथेतला अमुक प्रसंग गाळला, तमुक पात्र वगळलं, एवढंच ते मोजतात. तिसरा वर्ग दीडपट वेगाने ऐकणाऱ्यांचा. रहस्यनाट्यात दोन वाक्यांमधला थांबाही पुरावा असतो आणि वेग वाढवला की तो पहिला मरतो. या दोन्ही वर्गांविषयी याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखी प्रतिक्रिया मी एकदा ऐकली. होम्सची ‘स्पेकल्ड बँड’ लावली होती. बहिणीच्या मृत्यूची हकीकत सांगून झाली तेवढ्यात नाट्यशास्त्र शिकणारी एक मुलगी म्हणाली, “काका, जरा मागे घ्या ना. शिट्टी आधी आली, की तो खणकन आवाज आधी?” घरधनी म्हणाले, “अगं, गोष्ट ऐक. परीक्षा थोडीच आहे!” माझ्या मते त्या खोलीत नाटक ऐकणारी ती एकटीच होती. त्या कथेचं सगळं रहस्य याच क्रमात आहे. आधी शिट्टी, मग लोखंडी वस्तू आपटल्याचा आवाज. कशाला तरी परत बोलावलं गेलं आणि मग ते बंद करून ठेवलं गेलं. ज्याने हा क्रम पकडला तो होम्सच्या बरोबरीने चालतो. ज्याने सोडला त्याच्यापुढे शेवटी एक साप येतो आणि तो दचकतो, इतकंच.

रेडिओवर होम्स पहिल्यांदा आला तो याच कथेतून, १९३० मध्ये, अमेरिकेत, विल्यम जिलेटच्या आवाजात. याहून योग्य कथा निवडता आली नसती. शेवटचा प्रसंग आठवून पाहा. होम्स आणि वॉटसन अंधाऱ्या खोलीत श्वास रोखून बसले आहेत. दिवा नाही, बोलायची सोय नाही. दूरच्या घड्याळाचे ठोके पडतात. मग किटलीतून वाफ निसटावी तसा बारीक आवाज. होम्स काडी ओढतो आणि छडीने सपासप मारत सुटतो, पण डोळ्यांवर अचानक उजेड आल्यामुळे तो कशावर मारतो आहे ते वॉटसनला दिसत नाही. त्याला फक्त शिट्टी ऐकू येते. म्हणजे कॉनन डॉयलने आपल्या निवेदकाला त्या क्षणी निव्वळ श्रोता करून ठेवलं आहे. पडद्यावर तीच खोली दाखवली की दिग्दर्शकाला काहीतरी उजेड करावाच लागतो, झरोका दाखवावा लागतो, घंटेची दोरी दाखवावी लागते, आणि सावध प्रेक्षकाला उत्तर तिथेच मिळतं. रेडिओवर अंधार पुरा असतो, तो लबाडी न करता मिळतो, आणि श्रोता त्या दोघांच्या शेजारी जाऊन बसतो. गुप्तहेरकथा डोळ्यांपेक्षा कानाची आहे असं मी म्हणतो ते यामुळे.

याची उलट बाजू ‘सिल्व्हर ब्लेझ’मध्ये आहे. तिथला पुरावा म्हणजे रात्री कुत्रा भुंकला नाही ही गोष्ट. कागदावर ती एका संवादात सांगून भागतं. रेडिओवर मात्र जे वाजत नाही ते अस्तित्वातच नसतं. मग न भुंकणं ऐकवायचं कसं? खरा रूपांतरकार इथे कसाला लागतो. त्याने आधी कधीतरी त्या कुत्र्याला परक्या माणसावर भुंकताना ऐकवलं पाहिजे. तबेल्यातली रात्र, माळ्यावर झोपलेली पोरं, टापांचा आवाज हे सगळं कानात भरलं पाहिजे, म्हणजे तिथली शांतता मोकळी जागा न वाटता खूण वाटेल. जो रूपांतरकार हे करत नाही आणि होम्सच्या तोंडून शेवटी खुलासा उरकतो, तो श्रोत्याला फसवतो. अशा नाटकाला आवाज कितीही थोर लाभला तरी मी त्याला चांगलं म्हणणार नाही.

ऑर्सन वेल्सने १९३९ मध्ये ख्रिस्तीची ‘रॉजर अ‍ॅक्रॉइड’ रेडिओवर केली. पॉयरो त्याने केला, आणि कथा सांगणारा डॉक्टर शेपर्डही त्यानेच केला. आमच्या मंडळीत यावर शेरा आला, “पैसे वाचवले.” खरं तर ‘अ‍ॅक्रॉइड’ वाचलेल्या माणसाने हे ऐकून ताठ बसायला हवं. शोधणारा आणि ज्याला शोधायचं आहे तो, दोघं एकाच गळ्यातून बोलताहेत. ऐकणारा दोन उच्चार, दोन लकबी वेगळ्या धरत राहतो, दोन माणसं आहेत असं मानत राहतो, आणि त्या दोन आवाजांखालचा सारखेपणा त्याच्या कानाशी सतत असतो. कादंबरीत निवेदकावर विश्वास ठेवण्याची सवय ख्रिस्तीने वापरली. वेल्सच्या प्रयोगात आवाज ओळखण्याची आपली सवयच तपासाला लागते. माध्यम बदलताना युक्तीही बदलली पाहिजे, याचा इतका स्वच्छ धडा मला दुसरा माहीत नाही.

रॅथबोन आणि नायजेल ब्रूस या होम्स-वॉटसन जोडीचं कौतुक सर्वांत जास्त होतं आणि ते मला सर्वांत कमी पटतं. १९३९ ते १९४६ ही जोडी रेडिओवर होती. रॅथबोनचा आवाज धारदार आहे, अँथनी बाउचर आणि डेनिस ग्रीन यांचं लेखन चतुर आहे, मधली वाइनची जाहिरातही चालवून घेता येईल. पण ब्रूसचा वॉटसन खुळा आहे, आणि हा दोष लहान नाही. रेडिओवर वॉटसन श्रोत्याचा प्रतिनिधी असतो. त्याला विदूषक केलं की ऐकणाऱ्यालाही विदूषक केलं. त्याने गडबडून बोलायचं, होम्सने हसून समजवायचं आणि आपण टाळ्या वाजवायच्या. यात तपास उरत नाही, नुसता गुरूचा दबदबा उरतो. बीबीसीवर १९५२ पासून कार्लटन हॉब्ज आणि नॉर्मन शेली यांनी जी जोडी उभी केली, तिच्यात वॉटसनला पुन्हा माणसाची उंची मिळाली.

आणि त्यानंतर १९८९ ते १९९८ या काळातलं बीबीसीचं काम. सगळ्या साठ होम्सकथा, चार कादंबऱ्या आणि छप्पन्न लघुकथा, एकाच जोडीने. होम्स क्लाइव्ह मेरिसन, वॉटसन मायकेल विल्यम्स, मुख्य लेखक बर्ट कूल्स. या मालिकेसाठी मी वाटेल तेवढी जागा द्यायला तयार आहे. विल्यम्सचा वॉटसन डॉक्टर आहे, युद्ध पाहून आलेला आहे, त्याला चटका लागतो, राग येतो, आणि तो होम्सइतका चपळ नसला तरी मूर्ख मुळीच नाही. तो चुकीच्या निष्कर्षाला पोचतो तेव्हा आपणही तिथेच पोचलेले असतो, आणि त्याबद्दल कुणी आपली फजिती करत नाही. मेरिसनचा होम्स चिडतो, तुटक बोलतो, मधेच गप्प होतो. त्या गप्प होण्यात विचार ऐकू येतो. संगीत फार नाही. दार, जिना, घोडागाडी, पाऊस, प्रत्येक आवाजाला काम आहे. ऐकणाऱ्यावर इतका विश्वास टाकणारं काम आपल्याकडे का झालं नाही, हा प्रश्न ती मालिका ऐकताना मला छळतो.

आज आपल्याकडे जे तयार होतं ते बहुतेक एकाने वाचून दाखवलेलं पुस्तक असतं. ते वाचन आहे, नाटक नव्हे. खऱ्या गुन्ह्यांच्या रसभरित कहाण्या सांगणारे कार्यक्रम तर तपासाचं नाव घेऊन निव्वळ भीती विकतात. आणि संगीताचा मारा करून प्रत्येक धक्क्याची आधी सूचना देणाऱ्यांनी, श्रोत्याला कान आहेत हेच नाकारलं आहे.

मराठी घरात रेडिओची आठवण काढा. गीतरामायण निघेल, ‘प्रपंच’ निघेल, टेकाडे भावजी निघतील. रहस्याचं विचारा, तर हिंदी ‘इन्स्पेक्टर ईगल’ निघेल. १९५५ साली पुणे केंद्राने गीतरामायण सुरू केलं आणि घरोघरी माणसं रेडिओसमोर बसली. श्रोत्याला बसवून ठेवायची ताकद मराठी नभोवाणीत होती, यात वादच नाही. साहित्यही होतं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय आणि छोटू ही होम्स-वॉटसनच्या वळणाची जोडी घराघरांत पोचली होती. होम्स मराठीत आणणारे भालबा केळकर तर पुण्यात पीडीए ही नाट्यसंस्था उभी करणारे रंगकर्मी होते. शब्द बोलला कसा जातो हे ज्याला कळतं, त्याच माणसाच्या हाती या कथा होत्या! तरीही गीतरामायणाच्या पंक्तीला बसेल अशी मराठी रहस्यमालिका लोकांच्या ओठी नाही.

याचं खापर मी श्रोत्यांवर फोडणार नाही. ते मराठी समीक्षेवर फुटलं पाहिजे. अर्नाळकरांना वाचनालयाच्या फाटक्या कप्प्यात ठेवून आपण सुसंस्कृत झालो असं या समीक्षेला वाटलं. रहस्यकथा म्हणजे फावल्या वेळची करमणूक, आणि नभोनाट्य म्हणजे रंगभूमीचं दुय्यम भावंड, असं तिने एकदा ठरवून टाकलं. मग या दोघांच्या संगमातून जन्मलेल्या कलेकडे ढुंकून कोण बघणार? नाटकाच्या पहिल्या प्रयोगावर परीक्षण येतं, चित्रपटावर येतं, मालिकेवरही येतं. नभोनाट्यावर आलेलं परीक्षण तुम्ही शेवटचं केव्हा वाचलंत? ज्या कलेचं परीक्षण होत नाही तिचे श्रोते प्रश्न विचारायला शिकत नाहीत, आणि मग त्यांच्यापाशी उरतं ते “काय दिवस होते!” हेच.

कोलकात्याकडे बघा. तिथे २००९ पासून रेडिओ मिर्चीवर ‘संडे सस्पेन्स’ चालू आहे. ब्योमकेश, फेलूदा, होम्स सगळे त्यात आले. त्यातल्या संगीताचा सोस मला पटत नाही. पण ब्योमकेशच्या आवाजावरून बंगाली माणूस भांडतो आणि कथा नीट उलगडली का यावर वाद घालतो. ते भांडणच त्या कलेला जिवंत ठेवतं. रहस्यकथा ही आपल्या साहित्याची मानाची शाखा आहे असं बंगालीने मानलं. मराठीने मानलं नाही, आणि दोन्हीची फळं समोर आहेत.

बडोद्याने तर याबाबत गप्प बसूच नये. एकेकाळी संस्थानाचं स्वतःचं रेडिओ केंद्र असलेलं हे गाव. इथे विद्यापीठात नाट्यविभाग आहे, मराठी विभाग आहे, वाङ्मय परिषद आहे, २०१८ साली साहित्य संमेलन झालं. आणि इथेच असा खटला घडला की ख्रिस्तीला तो सुचला असता तर तिने सोडला नसता. ९ नोव्हेंबर १८७४. ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेर सकाळी फिरून येतो, पपनसाच्या सरबताचे दोनतीन घोट घेतो, उरलेलं बाहेर फेकतो, आणि पेल्याच्या तळाशी त्याला गाळ दिसतो. सोमल आणि हिऱ्याची पूड! आरोप महाराज मल्हारराव गायकवाडांवर. नोकर रावजीच्या पट्ट्यात पोलिसांना एक पुडी सापडते, आणि ती तिथे आली कशी यावर महाराजांचे वकील सार्जंट बॅलंटाइन उलटतपासणीत पोलिसांना घाम फोडतात. सहा जणांचं कमिशन बसतं. तीन इंग्रज सदस्य म्हणतात दोषी. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव म्हणतात, आरोप सिद्ध नाही. निकाल लागलाच नाही. मल्हाररावांना गैरकारभाराच्या नावाखाली पदच्युत केलं गेलं आणि त्यांच्या जागी सयाजीराव आले.

या खटल्यात बघण्यासारखं थोडं आणि ऐकण्यासारखं खूप आहे. बाहेर फेकलेलं सरबत, जबान्या, दुभाषे, बदलत जाणारी साक्ष, वकिलाचा एकच प्रश्न तीनदा वेगवेगळ्या सुरात. आकाशवाणीने, विद्यापीठाने किंवा चार हौशी बडोदेकरांनी तरी हा खटला नभोनाट्य म्हणून करावा. निवेदकाने शेवटी काहीही उलगडू नये आणि कुठल्या बाजूला झुकायचं ते संगीताने सांगू नये. सगळ्या साक्षी जशा झाल्या तशा श्रोत्यासमोर ठेवाव्यात. कमिशन तीनास तीन अडकलेलं आहे, सातवा सदस्य श्रोत्याने व्हावं. त्याने दोषी म्हणावं किंवा निर्दोष म्हणावं, पण कुठल्या साक्षीतल्या कुठल्या शब्दावरून म्हणतो ते सांगावं. ज्या दिवशी आमच्या बैठकीत रावजीच्या पट्ट्यावरून दोन तट पडून कडाक्याचं भांडण होईल, त्या दिवशी मराठीला रहस्यनाट्याचा श्रोता मिळाला असं मी मानीन. तो मिळाला की लेखक शोधत फिरावं लागणार नाही.