इथे आणि इकडे

कोणतीही परकी भाषा शिकू लागले की पहिले वर्ष मोठे मौजेचे जाते. स्पॅनिश तर मराठी माणसाला पहिल्याच महिन्यात ओळखीची वाटू लागते. आपल्या 'तू'ला तिथेही 'तू'च म्हणतात. आंबा आवडतो हे सांगताना इंग्रजीप्रमाणे 'मी' पुढे सरसावत नाही. आंबाच 'मला' आवडतो. पेला फुटला तर 'मी फोडला' अशी कबुली देण्याची सक्ती नाही. 'माझ्या हातून फुटला' म्हणण्याची सोय तिथेही आहे. हळूहळू बाजारात भाव विचारता येतो, आगगाडीचे तिकीट काढता येते आणि भाषा आली असे वाटू लागते. माझ्या मते खरी कसोटी इथून पुढे असते. त्या कसोटीला लावण्याजोगे एक लहानसे पुस्तक आहे; त्याच्याविषयी चार शब्द लिहितो.

मेक्सिकोच्या हुआन रुल्फो (१९१७–१९८६) या लेखकाची 'पेद्रो पारामो' ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. त्याआधी १९५३ मध्ये त्याचा कथासंग्रह आला होता. मुख्यतः या दोन पुस्तकांवर त्याची कीर्ती उभी आहे. कादंबरीची वाक्ये आखूड, शब्द खेडवळ. कोश जवळ घेऊन बसले तर वर्षा-दोन वर्षांचा विद्यार्थीही ती वाचून काढील. पण वाचून काढणे निराळे आणि कळणे निराळे.

कथा अशी. मरणाऱ्या आईला दिलेल्या शब्दाखातर एक मुलगा कधी न पाहिलेल्या बापाच्या शोधात कोमाला नावाच्या गावी येतो. बाप कधीच मेलेला आहे. गावही ओस आहे. भेटणारी माणसे एकामागून एक मृत निघतात. कादंबरीच्या मध्यावर उमगते की कथा सांगणारा मुलगाही मेला आहे. आपण आतापर्यंत ऐकले ते त्याने थडग्यात शेजारी पुरलेल्या दोरोतेआ नावाच्या बाईला सांगितलेले आहे.

आता गंमत पाहा. हे रहस्य लेखकाने पहिल्याच वाक्यात सांगून टाकले आहे. आपला बाप 'इकडे' राहत होता असे ऐकून मी कोमालाला आलो, असे मुलगा म्हणतो. 'तिकडे' म्हणत नाही. बोलणारा अजून कोमालातच आहे. तो तिथून परतलेला नाही. पाठ्यपुस्तकात 'इथे' या अर्थी 'आकी' हा शब्द पहिल्या धड्यात येतो. रुल्फोने वापरलेला शब्द 'आका' आहे. इंग्रजीत दोहोंना एकच प्रतिशब्द असल्याने इंग्रजीतून शिकणारा विद्यार्थी त्यांना जुळी भावंडे समजतो. मराठी वाचकाला मात्र 'इथे' आणि 'इकडे' यांतला फरक शिकवावा लागत नाही. 'इथे' म्हणजे बोट ठेवून दाखवावी अशी जागा. 'इकडे' म्हणजे आमच्या बाजूला, आमच्या मुलखात. मेलेल्या माणसाच्या तोंडी 'आमच्या बाजूला' हा शब्द किती गार वाटतो! १९९४ च्या मार्गारेट सेयर्स पेडन यांच्या इंग्रजी अनुवादात या जागी 'तिकडे' आहे. इंग्रजीला 'इकडे' म्हणता येत नाही असे नव्हे. पण वाक्य गुळगुळीत झाले आणि दार बंद झाले.

दुसरी जागा संबोधनाची. कोमालात एदुविहेस नावाची बाई मुलाला दार उघडते, तेव्हा त्याला 'उस्तेद' म्हणून आत बोलावते. हा शब्द मुळात 'आपली कृपा' अशा अर्थाच्या दरबारी संबोधनाचा झिजून उरलेला तुकडा; आपण आदराने 'तुम्ही' म्हणतो तसा. पुढे बोलता बोलता, तुझी आई व्हायची मी थोडक्यात राहिले, असे ती सांगते आणि तिथे 'तू' आलेला असतो. आपल्याकडेही एखादी म्हातारी 'बसा' म्हणून पाट देते आणि ओळख पटताच 'अरे, तू तर अमकीचा!' म्हणते. इंग्रजीच्या एकाच सर्वनामात ही माया मावत नाही.

याचा अर्थ मराठीच्या बोटाला धरून सारा प्रवास होतो असा नव्हे. 'असणे' या एका क्रियापदावर आपला संसार चालतो. स्पॅनिशमध्ये दोन आहेत, 'सेर' आणि 'एस्तार'. कायमच्या गोष्टीला 'सेर', तात्पुरतीला 'एस्तार', असा सोपा नियम पाठ्यपुस्तके देतात. मग एके दिवशी कळते की 'तो मेलेला आहे' याला 'एस्तार' लागते! मरणाहून कायमचे काय असणार? पण स्पॅनिशला मरण ही माणसाची एक अवस्था वाटते. बसलेला, झोपलेला, तसा मेलेला. हे पटले की कोमालातली माणसे भुते वाटेनाशी होतात. ती एका अवस्थेत आहेत, इतकेच.

ही अवस्था संपत का नाही, याचे उत्तर मात्र व्याकरणात नाही. तिथे त्या लोकांचा धर्म ठाऊक असावा लागतो. एदुविहेसने आत्महत्या केलेली आहे. तिच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून बहीण पाद्र्याची विनवणी करते. पुष्कळ प्रार्थना हव्यात, आणि त्यांना पैसा लागतो, असे तिला ऐकावे लागते. तोच पाद्री गावच्या धन्याच्या, पेद्रो पारामोच्या, दुराचारी मुलासाठी आधी नकार देऊनही सोन्याच्या नाण्यांपुढे नमते घेतो. कोमालातले मृत भटकतात ते जादूने नव्हे. त्यांच्यासाठी प्रार्थना करणारे कोणी उरले नाही म्हणून. या पुस्तकाला नुसती अद्भुतकथा म्हणणारे टीकाकार गरिबांवरचा हा अन्याय नजरेआड करतात, असे मला वाटते.

इथे आपल्यालाही एक मोह होतो. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा सण असतो. घरोघर त्यांच्यासाठी अन्न मांडतात आणि झेंडूच्या फुलांनी वाट सजवतात. झेंडू मूळचा तिकडचाच. आपण दाराला झेंडूचे तोरण बांधतो, म्हणून 'हा तर आपला पितृपक्ष!' असे म्हणून मोकळे व्हावेसे वाटते. पण आपल्या पितरांना पाद्र्याने नाकारलेल्या क्षमेची धास्ती नसते, एदुविहेसला आहे. साम्य आपल्याला उंबरठ्यापर्यंत नेते. आत गेल्यावर ते घर त्यांचे आहे हे ध्यानात ठेवावे लागते.

म्हणून पहिली इयत्ता संपवून पुढे काय करावे असे विचारणाऱ्यांना मी एवढेच सुचवीन, की नव्या शब्दांच्या याद्या काही दिवस बाजूला ठेवा. हे लहानसे पुस्तक घ्या. रोज अर्धे पान वाचा, मनातल्या मनात मराठीत सांगून पाहा, आणि जिथे मराठी अडेल तिथे खूण करून ठेवा. कोमालाचे नाव ज्या 'कोमाल' शब्दाची आठवण देते, त्याचा अर्थ तवा. तिकडच्या मक्याच्या पोळ्या भाजायचा. फराळाच्या गडबडीत आपल्याही घरी या दिवसांत चुलीवरून काही उतरत नाही. तेवढ्या वेळात पहिले पान सहज होईल.