अनुपस्थित नायक : रविवर्म्यांची शकुंतला

साहित्यकृतीतील प्रेमी युगुल रेखाटणारा चित्रकार हा आधी त्या कृतीचा रसिक वाचक असतो. वाचताना मनात उमटलेल्या अनेक क्षणांतून त्याला एकच निवडावा लागतो आणि त्या निवडीतून त्याचे वाचन प्रकट होते. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) ह्यांची शकुंतलेवरील चित्रे ह्या दृष्टीने पाहिली, तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते : त्यांतील दोन अतिशय गाजलेल्या प्रेमचित्रांत दुष्यंत नाही.

‘शकुंतला पत्रलेखन’ (१८७६) ह्या चित्रात पत्र लिहिणारी शकुंतला आहे, तिच्या सख्या आहेत. कालिदासाच्या तिसऱ्या अंकात ह्या वेळी राजा आडोशाला उभा राहून सारे ऐकत असतो. चित्रात तो नाही. पायातील काट्याचे निमित्त करून मागे वळून पाहणाऱ्या शकुंतलेचे चित्रही असेच. पहिल्या अंकाच्या अखेरीस ती रेंगाळते, तेव्हा दुष्यंत रंगमंचावरच असतो. चित्रकाराने त्याला चौकटीबाहेर ठेवले आहे.

ह्या वगळण्याचा एक अर्थ असा लावता येतो, की नायकाची रिकामी जागा प्रेक्षकाने घ्यावी आणि नायिका त्याच्या नजरेचा विषय व्हावी. परंतु काट्याच्या चित्रातील शकुंतला प्रेक्षकाकडे पाहत नाही. तिची दृष्टी चौकट ओलांडून बाजूला जाते. प्रेक्षक दुष्यंत होत नाही. तो सख्यांसारखा साक्षीदार राहतो.

मूळ नाटकाशी ताडून पाहता ह्या निवडीचे मोल अधिक स्पष्ट होते. दुसऱ्या अंकात हाच प्रसंग दुष्यंत विदूषकाला सांगतो. प्रेमिकाला प्रियेची प्रत्येक हालचाल आपल्यासाठीच वाटते, अशी कबुलीही त्याच अंकाच्या आरंभी तो देतो. तेथे शकुंतलेचे वळून पाहणे राजाच्या स्मरणाचा, आणि काहीशा संशयास्पद अर्थनिर्णयाचा, भाग बनते. चित्रात अर्थ लावणारा राजाच नसल्याने ती कृती पुन्हा शकुंतलेची होते. रसशास्त्राच्या परिभाषेत, आलंबनांपैकी एक लुप्त आहे आणि अनुभाव मात्र पूर्ण आहे. वल्कलाऐवजी साडी देऊन चित्रकाराने तिला आश्रमातून समकालीन घराच्या जवळ आणले. तिची उत्कंठा मात्र सौम्य केली नाही.

मात्र ही योजना जाणत्या वाचकावर अवलंबून आहे. मराठी प्रेक्षकाला १८८० साली किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ने ही कथा गाण्यांसह दिली होती. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा छापखान्याने चित्रे घरोघरी नेली, तेव्हा नाटक आणि चित्र एकमेकांना आधार देऊ शकत होते. पुढे चित्र भिंतीवर राहिले आणि नाटकाचा परिचय विरळ होत गेला. बुलढाणा जिल्ह्यातील उंद्रीसारख्या गावी एखाद्या ओसरीवर असे चित्र लागले आणि पाहणाऱ्याला कालिदास ठाऊक नसला, तर तिची नजर कोणाकडे वळली आहे हे त्याला कळणार नाही. दुष्यंताची अनुपस्थिती मग अर्थपूर्ण राहत नाही; उरते ती केवळ एक सुंदर स्त्री. रविवर्म्यांवर सवंग देखणेपणाचा जो आरोप होतो, त्यातील काही वाटा ह्या तुटलेल्या साहचर्याचा आहे. चित्रकाराने सहृदयासाठी एक जागा मोकळी ठेवली होती. ती रिकामी दिसू लागली, ह्याची जबाबदारी त्या सहृदयालाही टाळता येणार नाही.